जुनं पिस्तूल अडकतं तेव्हा: दोष शोधायचा क्रम

जुनं सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारं) पिस्तूल मध्येच अडकलं की नवख्या माणसाचा हात आपोआप स्लाइडकडे, म्हणजे वरच्या सरकत्या भागाकडे जातो. खाडकन मागे ओढायची, अडकलेलं काडतूस बाहेर फेकायचं आणि पुढचा बार उडवायचा. स्पर्धेत वेळ मोजली जात असेल तर ते ठीक आहे. पण दोष शोधायचा असेल तर अडकलेली अवस्था हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि तो दोन सेकंदांत मातीत पडतो. म्हणून आधी बघायचं, मग मोकळं करायचं, आणि सुटे भाग बदलायचा विचार अगदी शेवटी.

इथे 'जुनं' म्हणजे '१९११' या अमेरिकी लष्करी नमुन्याच्या घडणीची पिस्तुलं, ब्राउनिंग हाय-पॉवर, टोकारेव्ह, वॉल्थर पीपी आणि पीपीके, .३२ एसीपी या छोट्या काडतुसाची खिशातली पिस्तुलं, असा सगळा गोतावळा. यातल्या बऱ्याचशा रचना १९०० ते १९४० या काळातल्या आहेत. त्या काळी गोळी म्हणजे गोल नाकाची, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी. पिस्तुलाची सगळी मापं तिच्याभोवती बेतलेली होती. निम्म्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

हात लावण्याआधी

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून निदान ३० सेकंद थांबा. जुन्या दारूगोळ्यात प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली) पेटून दारू उशिरा भडकण्याची शक्यता असते. या ३० सेकंदांत पिस्तूल फिरवून नळीत डोकावणारा माणूस पुन्हा डोकावत नाही.

बार उडाला पण आवाज दबका आला, झटका नेहमीपेक्षा कमी बसला, तर तो अक्षरशः फुसका बार. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा बार उडवला तर नळी फुगते किंवा फाटते. लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करा, उघडून नळी वेगळी काढा आणि आरपार उजेड दिसतो का ते बघा. अडकलेली गोळी काडतूस झाडून बाहेर काढायचा विचारही करू नका.

मोकळं करायचा क्रम असा: आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवा, मग चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड चालवली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं मुकाट्याने आत जातं. दोन काडतुसं एकमेकांत अडकून मॅगझिन निघतच नसेल, तर आधी स्लाइड मागे अडकवून त्यांच्यावरचा दाब काढा आणि मग मॅगझिन ओढा.

घरी टेबलावर तपासणी करायची असेल तर खरी काडतुसं त्या खोलीतच नकोत. भरणं-काढणं तपासायला डमी काडतुसं वापरा. ती बहुधा रंगाने वेगळी असतात, त्यामुळे नजरचुकीने गोंधळ होण्याची शक्यता कमी.

अडकलेलं पिस्तूल काय सांगतं

स्लाइड कुठे थांबली आहे आणि पितळ (काडतूस किंवा त्याची उडून गेल्यावर उरलेली पुंगळी) कुठे आहे, या दोन गोष्टी नीट बघून ठेवा. भरलेलं पिस्तूल एका हातात धरून दुसऱ्या हाताने मोबाइल चाचपडू नका. डोळे पुरेसे आहेत.

रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकलेली, धुराड्यासारखी. याचा अर्थ एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळीची कड धरून ओढणाऱ्या नखाने) पुंगळी चेंबरमधून काढली, पण ती बाहेर फेकली गेली नाही. संशयित तीन: स्लाइड पूर्ण मागे आली नाही, एक्स्ट्रॅक्टरची पकड ढिली आहे, किंवा इजेक्टर (पुंगळी बाहेर उडवणारा भाग) झिजला आहे.

रिकामी पुंगळी चेंबरमध्येच, आणि तिच्या बुडाला नवं काडतूस येऊन टेकलेलं. इथे पुंगळी निघालीच नाही. पुंगळीची कड बघा. कड फाटली असेल तर एक्स्ट्रॅक्टरने जोर लावला होता आणि दोष चेंबरच्या खरखरीतपणात किंवा घाणीत आहे. कड शाबूत असेल तर एक्स्ट्रॅक्टरची पकड सुटली.

नवं काडतूस नाक खाली करून चढावावर (काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) रुतलेलं: बहुतेक वेळा मॅगझिन. नवं काडतूस चेंबरच्या तोंडाशी वर टेकून तिरकं अडकलेलं: मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा), एक्स्ट्रॅक्टरचा ताण, किंवा गोळीचा आकार.

स्लाइड जवळजवळ बंद, पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राहिलेले. चेंबरमधली काजळी, थकलेली रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी), सुकलेलं तेल, किंवा काडतूसच मापाबाहेर. अशा वेळी स्लाइडच्या पाठीवर तळहाताने ठोकू नका. आत जाऊ न शकणारं काडतूस ठोकून आत बसवलं की ते बाहेरही निघत नाही.

घोडा पडला, टक आवाज आला, बार नाही. प्रायमर बघा. खोल आणि मधोमध खूण असेल तर काडतूस खराब. उथळ खूण असेल तर पिस्तुलाकडे बघावं लागेल.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा: मॅगझिन कोणतं, त्यातलं कितवं काडतूस, कोणता दारूगोळा, आणि अडकण्याचा प्रकार. दहा नोंदी झाल्या की चित्र आपोआप दिसू लागतं. अडकणं नेहमी शेवटच्या काडतुसावर होतं, की पहिल्या, की कुठल्याही, यात अर्धं निदान असतं.

पहिला संशय मॅगझिनवर

पिस्तुलातला सगळ्यात पातळ पत्रा मॅगझिनचा. तेच खाली पडतं, तेच पायाखाली येतं, आणि तेच वर्षानुवर्षं भरलेलं ठेवलं जातं. त्यामुळे दुसरं काहीही उघडण्याआधी सगळ्या मॅगझिनांच्या तळाला पक्क्या शाईने क्रमांक घाला आणि प्रत्येकातून सारखाच दारूगोळा चालवून बघा. दोष क्रमांक २ सोबत फिरत असेल आणि क्रमांक १ व ३ बिनतक्रार चालत असतील, तर तपास संपला. मॅगझिन बदला.

एकच मॅगझिन असेल तर ते रिकामं करून उजेडात धरा. वरचे दोन ओठ एकाच उंचीवर आणि एकमेकांशी समांतर हवेत. एक ओठ जरा बाहेर वाकला असेल तर काडतूस लवकर सुटतं आणि नाक वर करतं. आत दबला असेल तर उशिरा सुटतं. पकडीने ओठ सरळ करायचा मोह होतो. एकदा वाकवलेला पत्रा पुन्हा वाकतो आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. नवं मॅगझिन मिळत असेल तर हा उद्योग करू नये.

मग स्प्रिंग. फॉलोअर, म्हणजे काडतुसांच्या खालची पट्टी, बोटाने तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा. ती वाटेत कुठेही न अडखळता वर आली पाहिजे. अडखळली तर आत कचरा साचला आहे, गंज आहे किंवा चिकट तेल आहे. तळाचं झाकण काढून आतून कोरड्या कापडाने पुसा. मॅगझिनच्या आत तेल घालू नका. ते धूळ धरतं आणि काडतुसांच्या प्रायमरपर्यंत जाऊ शकतं.

स्प्रिंग थकल्याची खूण ठरलेली आहे: पहिली चार-पाच काडतुसं व्यवस्थित, शेवटची एक-दोन नाक खाली घालतात, आणि मॅगझिन संपल्यावर एरवी मागे अडकणारी स्लाइड अडकत नाही. मॅगझिन भरलेलं असताना स्प्रिंग पूर्ण दबलेली असते, जोर भरपूर असतो. शेवटच्या काडतुसाला ती जवळजवळ मोकळी झालेली असते, आणि म्हणून थकवा तिथेच दिसतो. नवी स्प्रिंग ही या सगळ्या लेखातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. जुनी स्प्रिंग ताणून लांब करणं ही दुरुस्ती नाही. ती लवकरच पुन्हा बसते.

स्प्रिंग घालताना दिशा चुकवू नका. वरचं शेवटचं वेटोळं फॉलोअरच्या पुढच्या भागाला उचलेल असं बसलं पाहिजे. काढण्याआधी कशी होती ते कागदावर रेखाटून ठेवा.

हाय-पॉवर हातात असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी. मॅगझिन काढलं की त्याचा चाप काम करत नाही. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली व्यवस्था आहे. टेबलावर घोड्याची चाचणी करायला रिकामं मॅगझिन आत घालावं लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे धडधाकट पिस्तुलं उघडली जातात.

दारूगोळा

.३२ एसीपीच्या काडतुसाला (ते १८९९ पासून चालत आलंय) बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं काडतूस हलत नाही, कितीही जोर लावा. पोकळ नाकाची गोळी लांबीला आखूड असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये मागे-पुढे सरकायला जागा राहते आणि हा घोटाळा वाढतो. उपाय: पूर्ण लांबीची, गोल नाकाची गोळी, आणि भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे आहे हे बघणं.

जुन्या हाय-पॉवरच्या चढावाला मधे एक उंचवटा असतो. गोल नाक त्यावरून सरकतं, बोथट नाक अडखळतं. १९११ च्या जुन्या नमुन्यांचीही तीच कथा. म्हणून दोष शोधताना पहिली ५० काडतुसं गोल नाकाची, नेहमीच्या दाबाची, कारखान्यात भरलेली वापरा. त्यात पिस्तूल नीट चाललं तर पिस्तुलात दोष नाही, तुमच्या आवडत्या गोळीशी त्याचं जमत नाही, एवढंच.

काडतूस मापात आहे का हे बघायची सोपी रीत: पिस्तूल उघडून नळी वेगळी काढा, तोंड खाली करून धरा आणि काडतूस चेंबरमध्ये सोडा. टप् आवाज करत ते पूर्ण आत बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपल्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. मधेच थांबलं तर चेंबर घाण आहे किंवा काडतूस फुगलेलं आहे. चेंबर साफ करून तेच काडतूस पुन्हा सोडलं की कोण दोषी ते कळतं. ही चाचणी फक्त सुट्या नळीत.

जास्त दाबाचा, 'प्लस पी' खुणेचा दारूगोळा जुन्या पिस्तुलात घालू नका. त्याने अडकणं तात्पुरतं कमी झाल्यासारखं वाटतं, कारण स्लाइड जोरात मागे येते. तोच जोर फ्रेमवर, म्हणजे मूठ असलेल्या खालच्या सांगाड्यावर आदळतो.

जुन्या लष्करी साठ्यातल्या बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर मागे राहतो तो क्षार, मिठासारखा, हवेतला ओलावा ओढणारा. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. असा दारूगोळा चालवला तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, मग तेलाचा हात द्या. नुसतं तेल लावून ठेवलं तर तेलाखाली गंज चढतो, आणि खड्डे पडलेल्या चेंबरमधून पुंगळी सुटत नाही.

साफसफाई, नेमकी कुठे

चष्मा लावा. दाबलेली स्प्रिंग उडाली की ती एकतर डोळ्यात जाते किंवा कपाटामागे. मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून पिस्तूल उघडलं तर निदान कपाट तरी हलवावं लागत नाही.

बरीच वर्षं ठेवणीत असलेल्या पिस्तुलात जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. वरून चकचकीत, आतून गोंद. चार जागा खास बघा: एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली, चेंबरमध्ये, स्लाइड आणि फ्रेमच्या खाचांमध्ये, आणि फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आदळणाऱ्या सुईच्या) बोगद्यात. शेवटची जागा सगळेच विसरतात. घोडा पडूनही बार उडत नाही आणि प्रायमरवर उथळ खूण दिसते, तेव्हा बहुधा पिन या गोंदातून वाट काढत असते. पिन आणि तिची स्प्रिंग काढा, बोगदा सॉल्व्हंटने (घाण विरघळवणाऱ्या द्रावणाने) धुवा आणि कोरडा सोडा. तिथे तेल घालणं म्हणजे पुढच्या गोंदाची सोय करणं.

निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट टाळा. मुलाम्याखाली तांब्याचा थर असल्यास ते तिथे घुसतं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो.

तेल किती? खाचांमध्ये दोन्ही बाजूंना एकेक थेंब, नळी जिथे स्लाइडला घासते तिथे बोटाने एक पुसट थर, घोड्याच्या खिळ्याला एक थेंब. संपलं. तेल गळताना दिसत असेल तर जास्त झालं.

रिकॉइल स्प्रिंग

पाच इंची नळीच्या .४५ एसीपी १९११ ला १६ पाउंडांची स्प्रिंग हे सर्वसाधारण माप धरलं जातं. इतर पिस्तुलांसाठी त्या-त्या नमुन्याचं मूळ माप शोधा, अंदाज नको.

थकलेल्या स्प्रिंगची लक्षणं: पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब जाऊन पडतात, झटका कठोर लागतो, आणि स्लाइड बंद होताना शेवटचा भाग रेंगाळतो. उलट, गरजेपेक्षा ताठ स्प्रिंग असेल तर पुंगळ्या पायाशी पडतात, काही खिडकीत उभ्या अडकतात, आणि स्लाइड शेवटी मागे अडकत नाही. मागच्या मालकाने 'मजबूत' म्हणून काय घातलं होतं कोणास ठाऊक, म्हणून नवी स्प्रिंग आणून दोन्ही शेजारी ठेवून बघणं सगळ्यात खात्रीचं. जुनी ठळकपणे आखूड दिसली तर ती टाकून द्या. वापरात असलेल्या पिस्तुलाची ही स्प्रिंग काही हजार बारांनंतर बदलायचीच असते. ज्याचा इतिहास माहीत नाही त्या पिस्तुलात ती पहिल्याच दिवशी बदलावी, वाद न घालता.

पुंगळ्या उभ्या अडकत असतील तर स्प्रिंगला दोष देण्याआधी दुसऱ्या कसलेल्या नेमबाजाच्या हातात तेच पिस्तूल, तेच मॅगझिन देऊन बघा. मनगट ढिलं राहिलं की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडची धाव अपुरी पडते. त्याच्या हातात दहा काडतुसं बिनबोभाट गेली तर दुरुस्ती मनगटाची करायची.

एक्स्ट्रॅक्टर

१९११ चा मूळ एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंग पोलादाची एक लांब कांडी. वेगळी स्प्रिंग नाही, कांडीचा बाकच ताण देतो. सुरुवातीच्या हाय-पॉवरमध्येही एक्स्ट्रॅक्टर असाच स्लाइडच्या आत असतो. या रचनेत काडतूस मॅगझिनमधून वर सरकताना नखाखाली खालून शिरतं. चेंबरमध्ये हाताने एक काडतूस टाकून त्यावर स्लाइड सोडली, तर नखाला कडेवरून उडी मारावी लागते. असं वारंवार केलं की ताण जातो किंवा नख तुटतं. पहिलं काडतूसही मॅगझिनमधूनच भरा.

ताण तपासायला स्लाइड वेगळी करा, नळी काढा, आणि डमी काडतूस खालून नखाखाली सरकवा. स्लाइड हलकेच हलवली तरी ते टिकून राहिलं पाहिजे, जोरात हलवली की पडलं पाहिजे. आपोआप पडत असेल तर ताण कमी: पुंगळ्या कशाही उडतात, कधी तोंडावर येतात. अंगठ्याने रेटूनही सरकत नसेल तर ताण जास्त: नवं काडतूस तिरकं अडकतं, स्लाइड शेवटचे मिलिमीटर घेत नाही. बाक देऊन ताण जुळवता येतो, पण तो केसाएवढा बाक असतो आणि पहिल्या प्रयत्नात कांडी मोडणारे कमी नाहीत. आधी नखाखालची घाण सुईने काढून पुन्हा चाचणी घ्या.

वॉल्थर पीपीसारख्या पिस्तुलात एक्स्ट्रॅक्टर बाहेरून दिसतो आणि त्यामागे छोटी स्प्रिंग असते. तिथे दोष बहुतेक वेळा स्प्रिंगच्या खोबणीतल्या काजळीचा, नाहीतर स्प्रिंगचाच.

कानस दूर ठेवा

अडकणाऱ्या पिस्तुलाचा चढाव घासून गुळगुळीत करणं हा जुना छंद आहे. १९११ मध्ये नळी मागे आणि खाली दाबून धरली की फ्रेमचा चढाव आणि नळीचा चढाव यांत सुमारे ०.८ मिलिमीटरची पायरी असावी लागते. दिसायला ती चूक वाटते, म्हणून लोक दोन्ही एकसंध घासून टाकतात. मग गोळीचं नाक नळीच्या कडेवर आदळतं आणि आधी कधीतरी अडकणारं पिस्तूल नेहमी अडकू लागतं. काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. फारच खरखरीत असेल तर पॉलिशच्या लेपाने चमक द्या, आकार बदलू नका.

घोडा आणि चाप यांच्यातल्या टेकण्याच्या कडांना तर हातच लावू नका. त्या तपासता मात्र येतात. रिकाम्या पिस्तुलावर घोडा चढवा, चाप ओढा आणि ओढलेलाच ठेवा. स्लाइड मागे ओढून सोडा. घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. चाप सोडा, बारीक टिक् ऐकू येईल. पुन्हा ओढल्यावर घोडा पडला पाहिजे. स्लाइड बंद होताना घोडा आपोआप खाली येत असेल, सेफ्टी लावलेली असताना पडत असेल, किंवा मैदानावर एकदा चाप ओढल्यावर दोन बार उडाले असतील, तर त्या क्षणापासून पिस्तूल बंद.

पुन्हा चालवून बघताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझिन, स्प्रिंग आणि दारूगोळा एकदम बदलले आणि पिस्तूल चाललं, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. बार उडून पुंगळी बाहेर पडली पाहिजे आणि, पिस्तुलात तशी सोय असेल तर, स्लाइड मागे अडकली पाहिजे. हे तीनदा. मग दोन काडतुसं, तीनदा. एका चापावर दोन्ही उडाली तर ती दोनच असतात, सात नसतात. मग पाच, मग पूर्ण मॅगझिन. प्रत्येक मॅगझिनमधून निदान ५० काडतुसं एकही अडथळा न येता गेली की दुरुस्ती झाली म्हणा.

साफ केल्यावर फ्रेम पुसून उजेडात तिरकी धरून बघा: स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याच्या) भोकाभोवती आणि स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यांत केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरडा. पुसली गेली तर काजळी. नाही गेली तर तडा, आणि ते पिस्तूल गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) बघेपर्यंत चालवायचं नाही.

त्याच्याकडे देताना नुसतं पिस्तूल देऊ नका. क्रमांक घातलेली सगळी मॅगझिनं, काढून ठेवलेली जुनी स्प्रिंग, कड फाटलेल्या दोन-चार पुंगळ्या आणि नोंदींचा कागद एका पिशवीत सोबत द्या. न उडालेली काडतुसं त्या पिशवीत घालू नका. ती मैदानावरच्या खराब काडतुसांच्या डब्यात जातात.